‘गळो नाय’ म्हणण्याआधी...

मालवण, कुडाळ, कणकवली परिसरातील वाड्यांमध्ये गणेशचतुर्थीच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत भजने रंगतात. पेटी, मृदंग आणि झांजांच्या त्या गजरात पुढे बसलेली पाच-सहा वर्षांची मुलेही हिरिरीने कोरस धरतात. त्यांपैकी एखादे बेसूर होते आणि कुणीतरी वडीलधारे सहज म्हणून जाते, ‘ह्येका गळो नाय.’ पुष्कळदा त्या मुलाचे गाणे तिथेच थांबते. वास्तविक या वयात असा निवाडा देण्यास फारसा आधार नाही.

स्वरांतील फरकच न कळणे, हा जन्मजात दोष अगदी विरळा आहे. इझाबेल पेरेत्झ आणि डॉमिनिक वूवान यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत त्याचे प्रमाण सुमारे दीड टक्का आढळले. बाकीच्या मुलांना सूर ऐकू येतो. अडते ते गळ्यापाशी. स्वरतंतू किती ताणले म्हणजे हवा तो स्वर लागतो, याचा अंदाज बोबडे बोल सुधारतात तसा सरावानेच बसतो. काहींचा तो पाचव्या वर्षी बसतो, तर काहींना आठवे-नववे वर्ष उजाडते.

दुसरी अडचण पट्टीची, आणि आपल्याकडे ती विशेष जाणवते. भजनी बुवांची पट्टी उंच असते. ते तार सप्तकात गेले की मूल एक तर ओरडते, नाहीतर एकदम खाली येते. लहान मुलांच्या गळ्याला साधारणपणे मधल्या सप्तकातील पांढरी दोन ते पांढरी सहा एवढाच टापू सोयीचा असतो. शिवाय शिकवणारा पुरुष असला, तर तो स्वाभाविकपणे एक सप्तक खाली गातो. हा तोच स्वर आहे, हे मोठ्यांना कळते. मुलाला मात्र तो खर्जातला स्वर जसाच्या तसा पकडावासा वाटतो आणि ते गोंधळते. स्त्रीचा किंवा दुसऱ्या मुलाचा आवाज त्याला अधिक चटकन उचलता येतो. म्हणूनच घरात आई, आत्या किंवा थोरली बहीण हीच पहिली गुरू उत्तम.

सुरुवात मात्र उलट्या बाजूने करावी. मुलाने ‘आ’ म्हणून जो स्वर लावला असेल, तोच आपण लावावा. दोन आवाज एकमेकांत मिसळले म्हणजे काय होते, हे त्याला त्या क्षणी प्रथमच कानाने कळते. मग हळूच एक स्वर वर जावे आणि त्याला सोबत घ्यावे. अंगणातून लांब हाक मारावी तसा किंवा लाटेसारखा आवाज वर-खाली नेण्याचा खेळही उपयोगी पडतो. कारण बेसूर ठरलेली अनेक मुले बोलण्याच्याच आवाजात गात असतात, वरचा आवाज त्यांनी कधी वापरलेलाच नसतो. गाणी दोन-तीन स्वरांत फिरणारी, छोटी असावीत. झांजा बाजूला ठेवाव्यात. स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल, तर मूल तो सुधारणार कसा?

पेटीविषयी थोडे. तिच्या गांधारासारखे काही स्वर शुद्ध स्वरांहून किंचित सरकलेले असतात. गांधार तर अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा असतो. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७१ मध्ये शिथिल झाली, त्या वादात हाही एक मुद्दा होता. किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेचा पितळी सुरांवर होणारा परिणाम वेगळाच. तरीही पाच वर्षांच्या मुलासाठी पेटी वर्ज्य मानण्याचे कारण नाही. फक्त ती अधूनमधून लावून घ्यावी आणि प्रत्येक स्वर तिच्यावर वाजवत बसू नये. मोबाइलवरील तानपुऱ्याचा अखंड षड्ज मंद आवाजात लावून ठेवला, तर ते काम अधिक बरे होते.

विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि त्यांच्या परंपरेतील मंडळाच्या ‘प्रारंभिक’पासूनच्या परीक्षा आज गावोगाव पोहोचल्या आहेत. त्यांचे मोल मोठे आहे. मात्र षड्ज अजून स्थिर नसलेल्या मुलाकडून अलंकार घोकून घेण्याची घाई पालकांनी करू नये. रोज दहा मिनिटे, मुलाच्या पट्टीत आणि घरातल्या कुणाच्या तरी आवाजाबरोबर, एवढे पहिल्या वर्षासाठी पुरेसे आहे.