दुर्गंधाचा उगम

समजा, आपल्या घरी मोती नावाचा एक कुत्रा आहे. सहा वर्षांपूर्वी तो पिल्लू म्हणून आला आणि घरातलाच एक होऊन गेला. मुलांचा तो सवंगडी आहे आणि रात्री दाराशी तोच राखण करतो. परंतु गेल्या दोन महिन्यांपासून त्याला दुर्गंध येऊ लागला आहे. दर आठवड्याला त्याला सुगंधी साबणाने स्नान घातले जाते, अंगावर पावडर शिंपडली जाते. तरी दोन दिवसांत वास पुन्हा येतोच. मोती अधूनमधून जोराने मान झटकतो, पण ती त्याची खोड समजून कोणी तिकडे लक्ष देत नाही. पाहुणे नाक मुरडतात. मोतीची जागा प्रथम घरातून ओसरीवर, मग ओसरीवरून अंगणात जाते. अखेर एके दिवशी, ‘याला दूर कोठेतरी सोडून येऊ,’ असे कोणीतरी बोलून दाखवते.

हा प्रसंग कल्पित असला, तरी अनेक घरांत तो थोड्याफार फरकाने घडतो. येथे दोष कुत्र्याचा नसतो. दुर्गंध हा त्याचा स्वभाव नव्हे, तर बहुधा कोणत्या तरी विकाराचे लक्षण असते. ज्वर आला म्हणून आपण माणसाला घराबाहेर काढत नाही. ज्वर कशाने आला, हे शोधतो. मुक्या प्राण्याला तर आपले दुखणे सांगताही येत नाही. म्हणून त्याच्या वतीने हा शोध आपणच घ्यावयास हवा.

प्रत्येक कुत्र्याला स्वतःचा असा एक सौम्य वास असतोच. अंग भिजले की तो काही काळ वाढतो, आणि अंग वाळले की कमी होतो. कुत्रा कधी शेणात किंवा मेलेल्या प्राण्यावर लोळून येतो. तो वास बाहेरून आलेला असल्यामुळे एका स्नानाने जातो. म्हणून शोधाची पहिली पायरी अगदी सोपी आहे. कुत्र्याला त्याच्यासाठीच्या शाम्पूने एकदा नीट स्नान घालावे, अंग पूर्ण कोरडे करावे आणि त्याचे अंथरूण व गळ्याचा पट्टाही धुवावा. माणसांचा साबण वापरू नये. कुत्र्याची त्वचा आपल्या त्वचेहून निराळी असते व अशा साबणाने ती कोरडी पडते. एवढे करूनही दोन-तीन दिवसांत वास परतला, तर त्याचे कारण अंगावर नसून शरीरात आहे, असे समजावे. त्यानंतर स्नानावर स्नान घालीत राहणे म्हणजे ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ असा प्रकार होय.

दुसरी पायरी म्हणजे वास नेमका कोठून येतो, हे पाहणे. घरच्या माणसांच्या नाकाला तो वास सवयीचा झालेला असतो. म्हणून बाहेरून आलेल्या एखाद्या व्यक्तीची मदत घ्यावी. तोंड, कान, त्वचेच्या घड्या, पंजे आणि शेपटीखालचा भाग हे क्रमाने तपासावेत. दुखऱ्या जागी हात लागला, तर प्रेमळ कुत्राही चावू शकतो. तो गुरगुरू लागताच तपासणी थांबवावी.

तिसरी पायरी वासाला अचूक नाव देण्याची. ‘घाण वास येतो’ एवढे म्हटल्याने काहीच कळत नाही. आपल्या भाषेत वासांसाठी किती तरी शब्द आहेत: कुबट, आंबूस, खवट, कुजका, उग्र. हे शब्द येथे खरोखर उपयोगी पडतात.

तोंडाला कुजका वास येत असेल, तर बहुधा दात आणि हिरड्या बिघडलेल्या असतात. प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात. त्यांवर अन्नाचा व जंतूंचा थर साचून त्याचे पिवळे-तपकिरी किटण बनते. मग हिरड्या सुजतात, दात हलू लागतात. कधी हाडाचा किंवा लाकडाचा तुकडा दातांत अडकून कुजतो. माणसांच्या टूथपेस्टने कुत्र्याचे दात घासू नयेत. काही टूथपेस्टमध्ये झायलिटॉल हा गोड पदार्थ असतो, व तो कुत्र्यांना विषारी ठरतो. श्वासाला अमोनियासारखा उग्र वास येत असेल, तर मूत्रपिंडाचा विकार संभवतो. मधुमेह विकोपाला गेला, तर श्वासाला गोडसर, पिकलेल्या फळासारखा वास येऊ शकतो. या दोन्ही विकारांत कुत्रा पाणी फार पितो आणि त्याचे वजन घटते.

कुबट किंवा आंबूस वास बहुधा कानांतून अथवा त्वचेतून येतो. कुत्र्याची कर्णनलिका प्रथम खाली उतरते आणि मग आत वळते. त्यामुळे आत ओल टिकून राहते. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांत वारा कमी खेळतो. अशा ओलीत यीस्ट नावाची सूक्ष्म बुरशी आणि जंतू वाढतात. कानात तपकिरी मळ दिसतो, आणि कुत्रा कान खाजवतो व मान झटकतो. हीच बुरशी काखेत, त्वचेच्या घड्यांत आणि बोटांच्या बेचक्यांतही वाढते. अंग तेलकट होऊन खवट वास येत असेल, तर त्यामागे पिसवांची वा अन्नाची अॅलर्जी, खरजेचे किडे किंवा शरीरातील संप्रेरकांचा बिघाड असू शकतो.

नासलेल्या मासळीसारखा वास आला, तर लक्ष शेपटीखाली द्यावे. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन लहान पिशव्या असतात. शौचाच्या वेळी त्या एरवी आपोआप रिकाम्या होतात. त्या तुंबल्या, की कुत्रा बूड जमिनीवर घासत पुढे सरकतो व तो भाग सारखा चाटतो. या पिशव्या स्वतः पिळू नयेत. ते काम पशुवैद्याकडून करून घ्यावे.

दोन प्रसंगी मात्र क्षणाचाही विलंब करू नये. पावसाळ्यात केसांच्या गुंत्याखाली एखादी लहानशी जखम दडलेली असते. तिच्यावर माश्या बसतात आणि जखमेत अळ्या पडतात. सडक्या वासावरूनच ती पुष्कळदा कळून येते. तीवर फिनेल किंवा रॉकेल ओतणे अघोरी व घातक आहे. दुसरा प्रसंग नसबंदी न केलेल्या मादीचा. माज ओसरल्यानंतर काही आठवड्यांत तिच्या योनीतून दुर्गंधी स्राव येऊ लागला, ती मलूल झाली आणि पाणी फार पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. हा विकार प्राणघातक ठरू शकतो. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

वासावरून आपल्याला दिशा कळते. रोगाचा निर्णय मात्र पशुवैद्यच करतो. वास केव्हापासून येतो, कोठून येतो, कसा आहे, खाण्यापिण्यात काय बदल झाला, या चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. त्यामुळे वैद्याचे काम सुकर होते आणि अनावश्यक खर्चही टळतो.

आता मोतीकडे वळू. कोणीतरी त्याचा कान उलटून पाहिला. आत तपकिरी मळ होता, आणि कुबट वास तेथूनच येत होता. पशुवैद्याने तो मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, कान स्वच्छ केला आणि औषध दिले. काही आठवड्यांत वास गेला. मान झटकणेही थांबले, कारण ती खोड नव्हतीच. दोन महिने तो आपली वेदना सांगत होता.

प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार, उपासमार किंवा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत प्राण्याला सबळ कारणाशिवाय टाकून देणे हा गुन्हा आहे. परंतु मोतीला सोडून देण्याचा विचार कायद्याच्या भयाने मागे पडावा, असे नाही. ज्याने सहा वर्षे आपले दार राखले, त्याचा कान एकदा उलटून पाहणे, एवढे तर आपण त्याचे देणे लागतोच.