पुलापलीकडची भाषा

मुलांनो, बपेऱ्याजवळ बावनथडीचा पूल ओलांडला की मध्य प्रदेश लागतो. पाट्यांवर मराठीऐवजी हिंदी दिसू लागते. कॅनडा पाहायला गेलेल्या जोडप्यालाही असाच अनुभव येतो.

सप्टेंबरअखेर थंडी पडू लागली की तिथल्या मेपल झाडांच्या पानांतील हिरवा रंग ओसरतो आणि पाने लालभडक होतात. ती पाहायला पुष्कळ प्रवासी जातात. टोरांटोत ५५३ मीटर उंच सी. एन. टॉवर पाहून ते राजधानी ओटावाला येतात. तेथे नदीवरचा पूल ओलांडला की गॅटिनो शहर, म्हणजेच क्वेबेक प्रांत. येथील बहुसंख्य लोक फ्रेंच बोलतात. भोवतालच्या इंग्रजीत आपली भाषा बुडेल, या काळजीने त्यांनी १९७७ साली कडक कायदा केला. म्हणून चौकातील लाल पाटीवर ‘स्टॉप’ऐवजी ‘आरे’ लिहिलेले दिसते. गंमत अशी, की खुद्द फ्रान्समध्ये त्या पाटीवर ‘स्टॉप’च असते!

पुढे मॉन्ट्रियलमध्ये पुष्कळ दुकानदार ‘बाँझूर, हाय’ असे दोन्ही भाषांत स्वागत करतात. गिऱ्हाईक ज्या भाषेत उत्तर देईल, तीत पुढचे बोलणे होते. २०१७ साली प्रांताच्या विधानसभेने नुसते ‘बाँझूर’ म्हणावे, असा ठराव केला. मला मात्र दुकानदारांचेच पटते.