उमेदवाराचे आश्वासन आणि पौडचा सरकारी दवाखाना

आरोग्यसेवा आणि बालकांची सुरक्षितता हे दोन विषय निवडणुकीच्या जाहीरनाम्यात बहुधा वेगवेगळ्या पानांवर छापले जातात. पहिल्याखाली रुग्णवाहिका, खाटा आणि विमा येतो, तर दुसऱ्याखाली कठोर शिक्षा, सीसीटीव्ही कॅमेरे आणि पोलिसांची गस्त. मुळशीसारख्या, एका टोकाला हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान संकुल आणि दुसऱ्या टोकाला ताम्हिणी घाटातील वाड्या-वस्त्या असलेल्या तालुक्यात मात्र हे दोन्ही विषय सरकारी दवाखान्याच्या एकाच दाराशी येऊन थांबतात, आणि म्हणून एखाद्या उमेदवाराची आरोग्यसुधारणेविषयीची भूमिका तपासताना त्याची बालसंरक्षणाविषयीची भूमिकाही त्याच बैठकीत तपासणे भाग आहे.

मुळशी तालुका भोर विधानसभा मतदारसंघात मोडतो आणि भोर व वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांसह बारामती लोकसभा मतदारसंघाचा भाग आहे. संग्राम थोपटे 2009 पासून सलग तीन वेळा येथून विधानसभेवर गेले, 2024 मध्ये शंकर मांडेकर निवडून आले, आणि लोकसभेत 2009 पासून सुप्रिया सुळे या भागाचे प्रतिनिधित्व करीत आहेत. याखेरीज ग्रामपंचायत, पंचायत समितीचा गण आणि जिल्हा परिषदेचा गट यांच्या निवडणुका वेगळ्या होतात. या पाचही पातळ्यांवरचे उमेदवार ‘आरोग्याच्या चांगल्या सोयी’ हे एकच आश्वासन देत असले, तरी त्यांपैकी प्रत्येकाच्या हाती असलेला अधिकार पूर्णपणे निराळा आहे, आणि ही गोष्ट सभेत क्वचितच सांगितली जाते.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे. अकराव्या अनुसूचीने प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि महिला व बालविकास हे विषय पंचायत राज संस्थांकडे सोपवण्याजोगे ठरवले आहेत. प्रत्यक्षात महाराष्ट्रात उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवते, पौड येथील ग्रामीण रुग्णालयासारखी रुग्णालये आणि औंधचे जिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत, तर पुण्याचे ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येते. माले किंवा कोळवण खोऱ्यातील एखादा रुग्ण पौडमार्गे औंधला आणि तेथून ससूनला पाठवला जातो तेव्हा तो एकाच आजारात तीन वेगळ्या कारभारांच्या हाती जातो, आणि त्यांच्यातील दुवा जिथे तुटतो तिथेच बहुतेक वेळा जीव टांगणीला लागतो. त्यात भर अशी की मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यानंतर पुणे जिल्हा परिषद आणि तिच्या पंचायत समित्या काही वर्षे प्रशासकांच्या ताब्यात राहिल्या. म्हणजे उपकेंद्रात नर्सबाई का नाहीत, हे ज्याला विचारायचे तो निवडून आलेला माणूसच या काळात अस्तित्वात नव्हता. आरोग्यसुधारणेबद्दल बोलणाऱ्या कोणत्याही पक्षाने या पोकळीला मुख्य मुद्दा करायला हवे होते.

उमेदवारांच्या भूमिकांचे स्थूलमानाने दोन प्रवाह दिसतात. एक प्रवाह विम्याचा आहे. जुलै 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेला 2017 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नाव मिळाले, आणि 2023 च्या निर्णयाने तिचे संरक्षण दर कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढवून ती राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली करण्यात आली. दुसरा प्रवाह सरकारी यंत्रणाच बळकट करण्याचा आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले, तो याच विचाराचा भाग. दोन्हींची गरज आहे, पण डोंगराळ भागाच्या दृष्टीने त्यांचे वजन सारखे नाही. विमा रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या मोठ्या उपचारांचा खर्च उचलतो. मात्र गरोदरपणातील तपासणी, बाळाचे लसीकरण, कुपोषित मुलाचे दर महिन्याचे वजन आणि सर्पदंशानंतरचा पहिला तास यांच्यासाठी जवळ डॉक्टर आणि औषध असावे लागते, आणि ते विम्याच्या कार्डाने गावात येत नाही.

येथेच निधीचा मुद्दा येतो. आमदार व खासदार यांना स्थानिक विकासासाठी दरवर्षी जो निधी मिळतो, त्यातून इमारत बांधता येते, उपकरण किंवा रुग्णवाहिका घेता येते. वेतनासारखा दरवर्षी होणारा आवर्ती खर्च त्यातून भागवता येत नाही. परिणामी उद्घाटनाची फीत कापता येईल अशा गोष्टी पुढे सरकतात आणि वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद भरणे, त्याला राहण्याजोगे निवासस्थान देणे, प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे गेलेल्या कर्मचाऱ्याला परत आणणे ही कामे मागे पडतात. ही कामे अर्थसंकल्पातून आणि विधिमंडळातील चिवट पाठपुराव्यातून होतात. राष्ट्रीय आरोग्य धोरण, 2017 ने राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे उद्दिष्ट ठेवले होते. विधानसभेचा उमेदवार या आकड्याविषयी काय म्हणतो, हे त्याने दिलेल्या रुग्णवाहिकांच्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त बोलके असते.

बालसंरक्षणाच्या बाबतीत सार्वजनिक चर्चा शिक्षेभोवती फिरते. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराने राज्य हादरले आणि त्यानंतर तीन महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात हा विषय सर्व पक्षांच्या तोंडी आला. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांच्या कक्षेत असल्यामुळे, केंद्रीय कायद्याशी विसंगत ठरणाऱ्या राज्याच्या तरतुदी लागू होण्यासाठी राष्ट्रपतींची संमती लागते. महिला व बालकांवरील अत्याचारांसाठी फाशीपर्यंतची शिक्षा सुचवणारे महाराष्ट्राचे ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांत संमत होऊनही याच टप्प्यावर अडकले. फाशीची भाषा करणाऱ्या उमेदवाराला ही मर्यादा ठाऊक असली पाहिजे, आणि जे त्याच्या आवाक्यात आहे त्याकडे त्याने आधी वळले पाहिजे.

आवाक्यात काय आहे, हे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या 2012 च्या कायद्यातच, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘पॉक्सो’ म्हटले जाते त्या कायद्यात, दिसते. अठरा वर्षांखालील बालकावर अत्याचार झाल्याचे कळलेल्या प्रत्येक व्यक्तीवर ते पोलिसांना कळवण्याचे बंधन कलम 19 घालते. कलम 27 नुसार गुन्हा नोंदला गेला नसला तरी बालकाची वैद्यकीय तपासणी करता येते, ती पालकांच्या किंवा बालकाचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत व्हावी लागते, आणि मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. या शेवटच्या अटीवर थोडे थांबून विचार केला पाहिजे. तालुक्याच्या रुग्णालयातील महिला वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिकामे असेल, किंवा त्या रजेवर असतील, तर भेदरलेल्या मुलीला घेऊन आईला रात्री-अपरात्री औंध किंवा ससून गाठावे लागते. वाटेत वेळ जातो, अंगावरचे कपडे बदलले जातात, पुरावा नष्ट होतो, आणि घरातील वडीलधारी मंडळी ‘गाजावाजा नको’ म्हणू लागतात. खटला कोर्टात कमकुवत ठरतो त्याचे बीज कित्येकदा या प्रवासात असते. एका रिक्त पदाला आरोग्य विभागाच्या तक्त्यात केवळ एक आकडा म्हणून पाहणाऱ्या उमेदवाराला बालसंरक्षणाचा प्रश्न कळलेलाच नाही, असे म्हणण्यास हरकत नाही.

बाल न्याय अधिनियम, 2015 खाली जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय देते. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, 1098 ही हेल्पलाइन आणि सरपंचाच्या अध्यक्षतेखालील गाव बाल संरक्षण समिती ही त्याखालची साखळी. बालविवाह रोखण्याची जबाबदारी गावात ग्रामसेवकावर असते. ही साखळी कागदावर चांगली आहे, परंतु शाळा सोडलेल्या मुलीचे लग्न ठरते आहे, हे सर्वांत आधी कळते ते आशाताईला किंवा अंगणवाडी सेविकेला. त्या त्याच गावात राहतात, त्याच भावकीत वावरतात, आणि त्यांनी माहिती दिली हे उघड झाले तर रोष त्यांच्यावर येतो. त्यांचे मानधन वेळेवर मिळणे आणि त्यांच्या पाठीशी तालुक्याचे अधिकारी ठामपणे उभे राहणे, या दोन्ही गोष्टी बालसंरक्षणाच्या धोरणात मोडतात.

हे दोन विषय एकत्र हाताळल्याचे उदाहरण राज्यात आहे. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम, 1988 मध्ये केला. तरीही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या 2001 च्या जनगणनेतील 913 वरून 2011 मध्ये 894 वर घसरली. त्यानंतर सुप्रिया सुळे यांनी ‘जागर जाणिवांचा’ या मोहिमेतून स्त्रीभ्रूणहत्येचा विषय गावोगावी नेला. वैद्यकीय व्यवसायावरील नियंत्रण आणि मुलीचा जगण्याचा हक्क हे एकच प्रकरण आहे, हे त्या काळात लोकांना पटवून द्यावे लागत होते. ते काम अर्धवट सोडण्यासारखे नाही.

मुळशीचा आणखी एक प्रश्न मतदार यादीबाहेरचा आहे. डोंगराळ भागात वीस हजार आणि सपाट भागात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष जनगणनेवर चालतो, आणि आधार 2011 च्या मोजणीचा राहिला. त्यानंतर हिंजवडी, माण आणि पिरंगुट परिसरात इमारती व कारखाने वाढले, लेबर कॅम्पांत परप्रांतातून आणि मराठवाड्यातून कुटुंबे आली. आई-वडील दिवसभर कामावर असताना पत्र्याच्या खोलीत धाकट्याला सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची बहीण ही येथे सहज दिसते. पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तर सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवावी, अशी अट 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने घातली होती. शिवाय हिंजवडी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आणि पौड पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत असल्याने, एकाच तालुक्यातील तक्रार कोणत्या ठाण्यात द्यायची हेही नव्याने आलेल्या कुटुंबाला माहीत नसते. या मुलांच्या आई-वडिलांचे मत बहुधा मूळ गावी नोंदलेले असते, त्यामुळे त्यांच्या वस्तीवर प्रचाराची गाडी थांबत नाही. त्यांच्या लसीकरणाच्या नोंदी, पाळणाघर आणि तक्रारीची वाट यांविषयी उमेदवार काय सांगतो, हे मग तालुक्यातील मतदारांनीच त्याला विचारायचे आहे.