निवृत्त वाहनाचे काय होते?

काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने मुंबईकरांची अनेक दशके सेवा केली. त्या शहरात टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षे असल्याने २००३ साली नोंदलेली अखेरची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. पुष्कळांना हळहळ वाटली. परंतु जुन्या इंजिनाचा धूर हळहळीने कमी होत नाही.

असे वाहन पुढे कोठे जाते? रस्त्याकडेच्या भंगारवाल्याकडे गेले, तर ते उघड्यावरच फोडले जाते. इंजिनातील काळे तेल आणि बॅटरीतील शिसेयुक्त आम्ल जमिनीत मुरते. याला आळा घालण्यासाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये नोंदणीकृत वाहन-मोडणी केंद्रांसंबंधी नियम केले. तेथे प्रथम उरलेले इंधन, तेल, बॅटरी आणि वातानुकूलन यंत्रातील वायू काढून घेतात. त्यानंतरच सांगाडा कापतात. त्यातील पोलाद भट्टीत वितळवून पुन्हा वापरता येते.

भंगारवाला कदाचित चार पैसे अधिक देईल. मात्र वाहन जमा केल्याचे प्रमाणपत्र केवळ नोंदणीकृत केंद्रच देऊ शकते. नवे वाहन घेताना त्यावर करात सवलतही मिळू शकते. परिवहन कार्यालयातील नोंदणी रद्द झाली नाही, तर मोडलेले वाहनही कागदोपत्री मालकाच्याच नावावर राहते.