डोक्यावरचा अर्धा मिलिमीटर

गाळा असो, गोदाम असो, मंगल कार्यालय असो की शोरूम. जागा, कर्ज, परवानग्या यांवर महिनोन्‌महिने खल होतो. छपराचा पत्रा मात्र फॅब्रिकेटरशी उभ्याउभ्या बोलताना ठरून जातो. ‘कोणता टाकू?’ ‘निळा टाका.’ पुढची वीस-पंचवीस वर्षं ऊन, पाऊस आणि वारा झेलायचा आहे तो त्या जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याने. रंग अगदी शेवटी ठरवावा. त्याआधी ठरवायच्या गोष्टी रंगापेक्षा कितीतरी रंजक आहेत.

घडी पडली आणि ताकद आली

सपाट कागद हातात धरला की मान टाकतो. त्यालाच पंख्यासारख्या घड्या घातल्या की वर ठेवलेली वही पेलतो. हीच करामत लोखंडी पत्र्यावर करून हेन्री रॉबिन्सन पामर या लंडनच्या गोदीतल्या इंजिनिअरने १८२९ मध्ये पेटंट घेतलं. त्याच्या सुरुवातीच्या छपरांपैकी एक चढलं ते गोदीतल्या टर्पेंटाइनच्या शेडवर. म्हणजे पन्हाळी पत्रा मुळात जन्मालाच आला तो धंद्याच्या इमारतीसाठी. त्याला गंजाने खाऊ नये म्हणून जस्ताचा लेप देण्याची पद्धत फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेलने १८३७ मध्ये पेटंट केली आणि आपला ओळखीचा जीआय पत्रा तयार झाला.

घडीला किंमत मोजावी लागते, तीही लक्षात ठेवा. साधारण १,२२० मिलिमीटर रुंदीची सपाट कॉइल मशिनमधून रिब पडून बाहेर येते, तेव्हा जोड सोडून ती एक मीटरच्या आसपासच जागा झाकते. दर विचारताना ‘कव्हर रुंदीवर की पूर्ण रुंदीवर?’ हा प्रश्न आधी टाका. दोन कोटेशनमधला फरक पुष्कळदा तिथेच दडलेला असतो.

जी आय की जी एल?

रंगीत पत्र्याच्या बिलावर पीपीजीआय किंवा पीपीजीएल लिहिलेलं असतं. दोन्हींवर तोच निळा, तोच लाल रंग. फरक आहे रंगाखालच्या लेपाचा. पहिल्यात पोलादावर जस्ताचा लेप असतो. दुसऱ्यात गॅल्व्हल्यूम, म्हणजे वजनाने ५५ टक्के अॅल्युमिनियम, सुमारे ४३.५ टक्के जस्त आणि दीड टक्क्याच्या आसपास सिलिकॉन. अमेरिकेच्या बेथलेहेम स्टीलने हे मिश्रण १९७२ मध्ये बाजारात आणलं. अॅल्युमिनियम वजनाला हलकं असल्याने आकारमानाने पाहिलं तर त्या लेपाचा सुमारे ८० टक्के भाग त्याचाच असतो. नेहमीच्या हवेत गॅल्व्हल्यूम साध्या जस्ताच्या दुपटीहूनही जास्त टिकतं.

मग जस्त बाद? मुळीच नाही. ओरखडा पडला किंवा कड उघडी राहिली, तर जस्त स्वतः झिजतं आणि शेजारच्या पोलादाला वाचवतं. या बाबतीत साधा जस्ताचा लेप जास्त उदार आहे. शिवाय पोल्ट्री आणि गोठा या दोन ठिकाणी गॅल्व्हल्यूम टाळलेलंच बरं. विष्ठा-मूत्रातून निघणारा अमोनिया त्यातल्या अॅल्युमिनियमला खातो. ओल्या सिमेंटशीही त्याचं जमत नाही, म्हणून भिंतीलगतचा गिलावा पत्र्यावर सांडू देऊ नका.

लेप किती, हेही बिलावर मागून घ्या. झेड २७५ म्हणजे दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त. एझेड १५० म्हणजे गॅल्व्हल्यूमचा तसाच १५० ग्रॅम लेप. स्वस्त पत्र्यात पहिली काटछाट होते ती इथे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

पॉइंट पाच म्हणजे नक्की किती?

बाजारातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा आहे, म्हणून इथे जरा थांबू. दुकानदार म्हणतो ‘पॉइंट पाच’. तो पोलाद, लेप आणि रंग धरून एकूण जाडी सांगतोय, की नुसत्या पोलादाची? एकूण जाडी म्हणजे टीसीटी, नुसत्या पोलादाची बीएमटी. एझेड १५० लेप दोन्ही बाजूंचा धरून ०.०४ मिलिमीटरच्या आसपास भरतो, वर रंगाचा थर. त्यामुळे टीसीटी ०.५० असलेल्या रंगीत पत्र्यात पोलाद निघतं साधारण ०.४५. वाकण्याला विरोध करतं ते पोलाद. रंग करत नाही.

याची परीक्षा साध्या काट्यावर होते. एक मिलिमीटर जाड, एक चौरस मीटर पोलाद ७.८५ किलो भरतं. तीन मीटर लांबीचा, १,२२० रुंदीच्या कॉइलमधून काढलेला पत्रा घ्या. पोलाद ०.४५ असेल तर लेपासकट तो साडेतेरा किलोंच्या थोडा वर जातो, ०.५० असेल तर पंधरा किलोंच्या आसपास. दीड किलोचा फरक हातात उचलूनही जाणवतो. ट्रक दारात उभा असतानाच मधला कोणताही एक पत्रा काट्यावर ठेवा. प्रामाणिक पुरवठादार याला कधीच नाही म्हणत नाही.

वारा छप्पर दाबत नाही, उपटतो

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत घरांचे, शाळांचे, वखारींचे पत्रे उडाले. ‘पत्रा हलका होता म्हणून उडाला,’ असं लोक म्हणतात. हिशेब करून पाहू. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. त्या वेगाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो वजनाइतका होतो. पत्र्याचं स्वतःचं वजन तेवढ्याच जागेत चार-पाच किलो! जाडी दुप्पट केली तरी तो वजनावर टिकणार नाही. त्याला धरून ठेवतात ते स्क्रू, आणि स्क्रूला धरून ठेवते पर्लिन, म्हणजे पत्र्याखालची आडवी पट्टी.

वारा उतरत्या छपरावरून जाताना वरच्या बाजूला ओढ निर्माण करतो आणि ही ओढ सगळ्यात तीव्र असते ती कोपऱ्यांत, पाखाच्या कडेला आणि आढ्यालगत. म्हणून मधल्या भागात आणि कोपऱ्यांत स्क्रू सारख्याच अंतरावर मारणारा मिस्त्री तुमचे पैसे चुकीच्या जागी वाचवतोय. कडेच्या पट्ट्यात स्क्रू जवळजवळ हवेत. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात शहरागणिक वाऱ्याचा वेग दिला आहे: मुंबई आणि नागपूरला सेकंदाला ४४ मीटर, पुणे आणि नाशिकला ३९. समुद्रापासून इतकं लांब असलेलं नागपूर मुंबईच्या पंक्तीला बसतं, हे वाचून पुष्कळांना नवल वाटतं. विदर्भातल्या वळवाच्या वावटळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वाटणार नाही.

वादळाची सूचना आली की आधी वाऱ्याच्या बाजूचं मोठं शटर बंद करा. ते उघडं राहिलं तर वारा आत शिरून खालून ढकलतो, वरून ओढ चालूच असते, आणि छपरावर दोन्हींची बेरीज होते.

भोकांचं शास्त्र

पत्रा क्वचितच स्वतः गळतो. गळतं ते त्याला पाडलेलं भोक. हजार चौरस मीटरच्या शेडवर अशी हजारो भोकं असतात आणि प्रत्येकावर एका छोट्या काळ्या रबरी वॉशरचा पहारा असतो. ईपीडीएमचा हा वॉशर नीट पाहा. बरोबर आवळला असेल तर तो धातूच्या चकतीच्या कडेबाहेर किंचित डोकावतो. चिरडून बाहेर पसरला असेल तर जास्त आवळलाय आणि दोन-तीन उन्हाळ्यांत तडकेल. सैल फिरत असेल तर पहिल्याच पावसात पाणी आत. मिस्त्री खाली उतरायच्या आधी शिडी लावून काही स्क्रू स्वतः तपासा.

ड्रिल मारताना उडणारा लोखंडी कीसही घातक. संध्याकाळी तो पत्र्यावर तसाच राहिला, तर दव पडून नव्या कोऱ्या छपरावर तांबूस ठिपके उमटतात आणि मालक पत्र्याच्या कंपनीला दोष देतो. काम थांबताच मऊ झाडू फिरवला की प्रश्न मिटला. ग्राइंडरने पत्रा कापू देऊ नका. त्याच्या ठिणग्या शेजारच्या रंगात रुततात आणि कापलेल्या कडेचा लेप जळतो. त्यासाठी निबलर किंवा कात्री असते.

भोकंच नकोत तर? मग स्टँडिंग सीम. यात पत्र्यांच्या उभ्या कडा एकमेकींत अडकवून मशिनने दुमडतात आणि आत लपलेल्या क्लिपा त्यांना पर्लिनला धरून ठेवतात. क्लिप पत्र्याला सरकू देते, हे तिचं खरं मोल. ३० मीटर लांबीचा पोलादी पत्रा पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या चटक्यापर्यंत ४० अंशांनी तापला की जवळपास दीड सेंटिमीटर वाढतो. अॅल्युमिनियमचा तर पावणेतीन. संध्याकाळी शेडमध्ये येणारा टक-टक आवाज हे त्याचं आकसणं. स्क्रूने जखडलेल्या लांब पत्र्यात ही रोजची ओढाताण भोकं मोठी करत जाते. स्क्रूच्या साध्या पत्र्याला दहास एक उतार असलेला बरा. स्टँडिंग सीम दोन अंशांच्या आसपासच्या उतारावरही निभावून नेतं. खर्च जास्त आहे, पण लांबरुंद, कमी उताराच्या गोदामाला मी डोळे झाकून हेच सुचवेन.

एका दिवसात ९४४ टन पाणी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे हजार चौरस मीटरच्या शेडवर त्या एका दिवसात ९ लाख ४४ हजार लिटर पाणी उतरलं! ते सगळं पन्हळीतूनच जाणार. बाहेरची पन्हळ तुंबली तर पाणी अंगणात सांडतं. दोन शेडच्या मधली व्हॅली गटर तुंबली तर थेट मालावर. जमेल तिथे दोन शेड जोडूच नका. जोडाव्याच लागल्या तर मधली गटर माणूस चालू शकेल इतकी रुंद ठेवा, म्हणजे मे महिन्यात कुणीतरी ती खरंच साफ करेल.

खाऱ्या वाऱ्याची गंमत

किनाऱ्यालगतच्या शेडमध्ये आधी गंजतं काय? छप्पर नव्हे, वळचणीखालचा बाजूचा पत्रा. छपरावरचं मीठ दर पावसाळ्यात धुऊन निघतं, आडोशाला बसलेलं तसंच साचत राहतं. रत्नागिरी-मालवणकडे वळचणीखाली वर्षातून दोनदा गोड्या पाण्याचा पाइप फिरवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. अगदी बंदरालगत असाल तर अॅल्युमिनियमचा विचार करा. लाल गंज त्याला चढत नाही आणि वजन पोलादाच्या जवळपास एक तृतीयांश. मात्र ते ६६० अंशांना वितळतं, म्हणून भट्टीच्या कारखान्याला पोलादच बरं.

आणि एसीचं पाणी! तांब्याच्या नळीवरून ओघळून सतत एकाच जागी पत्र्यावर ठिबकलं, तर तांब्याचा अंश जस्त-अॅल्युमिनियमचा लेप खातो. दीड फूट प्लास्टिकचा पाइप जोडून ते थेट पन्हळीत सोडा.

चकाकतं ते गार नसतं

बिनरंगाचा चकचकीत पत्रा ऊन चांगलं परतवतो, तरी पांढऱ्या रंगाच्या पत्र्यापेक्षा जास्त तापतो. कारण उघडा धातू शोषलेली उष्णता बाहेर टाकण्यात फार चिक्कू असतो. रंगाचा थर ती सहज सोडून देतो. पांढरा रंग दोन्ही कामं करतो. जळगाव, अकोला, चंद्रपूरकडे कामगार दिवसभर आत राबणार असतील तर गडद निळ्याचा मोह आवरा. रंग वर्षानुवर्षं उजळ राहायला हवा असेल तर पीव्हीडीएफ रंगाचा पत्रा मागा. शोरूमला तो शोभतो, गोदामाला साधा पॉलिएस्टर पुरे.

दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं पफ पॅनेल गारवा देतं, आवाजही अडवतं. पण आतला फोम जळणारा असतो. माणसांची गर्दी होणाऱ्या मंगल कार्यालयाला रॉकवूल भरलेलं पॅनेल घ्यावं, असं मी आग्रहाने सांगेन.

पटापट

थंडीत पाऊस नसताना नाशिककडच्या पॅकहाउसमध्ये छप्पर ठिबकतं, ते गळणं नव्हे. रात्री उघड्या आभाळाखाली पत्रा हवेपेक्षाही गार होतो आणि आतल्या बाष्पाचं दव त्याला खालून धरतं. इन्सुलेशन आणि वारा खेळता ठेवणं हे त्याचं औषध. सीलंटच्या नळ्या रिकाम्या करून उपयोग नाही.

धातूचं छप्पर वीज ओढून घेत नाही. वीज उंची शोधते. अर्थिंग मात्र हवंच.

नवे पत्रे थप्पी लावून पावसात ठेवले तर वापरायच्या आधीच त्यांच्यावर पांढरा गंज चढतो. थप्पी जमिनीपासून उचलून, एका बाजूला कलती आणि झाकलेली ठेवा.

पॅरिसची बहुतांश छपरं जस्ताची आहेत आणि ती घडवणाऱ्या कारागिरांच्या कौशल्याला २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगचा १९३० मधला स्टेनलेस स्टीलचा मुकुट आजही झळकतोय.

आणि वर सोलर

एमआयडीसीत आता शेड उभी राहिली की पाठोपाठ सोलरवाला येतो. पॅनेल आणि त्यांचा सांगाडा मिळून दर चौरस मीटरला १२ ते १५ किलो भार वाढतो, म्हणजे पत्र्याच्या वजनाच्या जवळपास तिप्पट. पॅनेलची हमी साधारण २५ वर्षांची. खालचा पत्रा पंधराव्या वर्षी बदलावा लागला तर सगळं उतरवून पुन्हा चढवायचं. स्टँडिंग सीमवर सोलर क्लॅम्पने बसतं, एकही भोक पडत नाही. साध्या पत्र्यावर प्रत्येक पायाला नवं भोक आणि नवा वॉशर. सोलर आत्ता परवडत नसलं तरी नकाशा मंजुरीला जाण्याआधीच इंजिनिअरला सांगून ठेवा, म्हणजे पर्लिन आणि कैच्या त्या भाराच्या हिशेबानेच येतील.