नीट न चालणाऱ्या स्कूटरच्या इंजिनाची क्रमवार तपासणी

पहाटे दुधाच्या किटल्या डेअरीवर पोंचविणें, बाजाराच्या दिवशीं भाजीचें गांठोडें तालुक्याच्या गांवीं नेणें, पंपाचा मोडलेला भाग दुरुस्तीस पाठविणें, अशा कामीं जुनी टू-स्ट्रोक स्कूटर अद्यापि पुष्कळ शेतकरी कुटुंबांत राबत आहे. ही गाडी साधी व सोशीक असल्यामुळें तिच्याकडे दुर्लक्ष होतें. आणि ती कुरकुर करूं लागली म्हणजे बहुतेकांचा हात प्रथम कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. हा क्रम उलटा आहे. हिशेबांत चूक निघाली असतां शेवटचा आंकडा खोडून भागत नाहीं, पहिल्या रकमेपासून ताळा घ्यावा लागतो. तोच न्याय येथेंहि लागू आहे. स्क्रू हें तपासणीचें शेवटचें कलम होय, पहिलें नव्हे, एवढेंच ह्या लेखांत सोदाहरण सांगावयाचें आहे.

विवेचनासाठीं आपणांकडे सर्वांत परिचित असलेली बजाज चेतक ही गाडी घेऊं. तिचें मूळ इटलींतील पियाजिओ कंपनीच्या व्हेस्पा गाडींत आहे. व्हेस्पा सन १९४६ सालीं निघाली. बजाज ऑटो कंपनी ती प्रथम परवान्यानें बनवीत असे. तो परवाना सन १९७१ सालीं संपला व सन १९७२ पासून चेतक हें नांव रूढ झालें. पेट्रोलवरील चेतक बनविणें ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत बंद झालें. सन २०२० पासून त्याच नांवाची विजेवर चालणारी गाडी विकली जाते, परंतु तिचा ह्या लेखाशीं संबंध नाहीं.

इंजिनास काय लागतें

चेतकच्या सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर व पिस्टनची धांवहि ५७ मिलिमीटर असून इंजिनाचें माप सुमारें १४५ घन सेंटिमीटर आहे. टू-स्ट्रोक इंजिनांत प्रत्येक फेऱ्यास एक ठिणगी पडते. हवा व पेट्रोल यांचें मिश्रण प्रथम पिस्टनच्या खालच्या पेटींत येतें व तेथून दाबलें जाऊन वर सिलिंडरांत चढतें. म्हणून ही खालची पेटी हवाबंद असणें अत्यावश्यक आहे. तींत वंगणाचा निराळा सांठा नसतो. पेट्रोलांत मिसळलेलें तेल हेंच पिस्टनचें व बेअरिंगांचें वंगण.

यावरून इंजिनास चार गोष्टी पाहिजेत हें ध्यानांत येईल: योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी जोरदार ठिणगी, सिलिंडरांत पुरेसा दाब, आणि जळालेल्या धुरास मोकळी वाट. दोष कोणताहि असो, तो या चारांपैकीं एकांत सांपडतो.

पहिली पाहणी: पेट्रोल

टाकीचें झांकण उघडून पेट्रोल आहे कीं नाहीं व तोटी कोणत्या खुणेवर आहे हें पाहावें. गाडी कोस-दीड कोस चालून बंद पडत असेल व झांकण सैल केल्यावर पुन्हां चालू होत असेल, तर झांकणाचें हवेचें छिद्र बुजलें आहे असें समजावें. टाकींत हवा शिरल्यावांचून पेट्रोल खालीं उतरत नाहीं. यानंतर नळी सोडून पेट्रोलाची धार अखंड येते कीं थेंब थेंब पडतें हें पाहावें व पेट्रोल कांचेच्या बाटलींत धरावें. तळाशीं पाण्याचे गोळे किंवा गंज दिसल्यास टाकी धुणें हाच उपाय.

गाडी एका अंगावर कलंडवून किक मारण्याची चाल सर्वांस ठाऊक आहे. तिनें क्वचित् गुण येतो, कारण अडकलेला फ्लोट सुटतो किंवा टाकींतील उरलेसुरलें पेट्रोल नळीकडे येतें. परंतु गुण आला म्हणजे दोष गेला असें नव्हे. रोज गाडी कलंडवावी लागत असेल, तर फ्लोट, त्याची सुई व जाळी साफ करावी. जेटचें छिद्र फुंकून साफ करावें. त्यांत तार कदापि घालूं नये. तारेनें छिद्र मोठें होतें व गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊं लागते.

दुसरी पाहणी: प्लग व ठिणगी

प्लग हें इंजिनाचें प्रकृतिपत्रक होय. गाडी पांच-सहा मैल नेहमीच्या वेगानें चालवून बंद करावी व प्लग निवाल्यावर काढून त्याचा रंग पाहावा. फिकट तपकिरी रंग आरोग्याचा. कोरडी काळी काजळी असल्यास मिश्रणांत पेट्रोल जास्त आहे. चोक अडकला आहे काय, हवेची जाळी धुळीनें कोंदली आहे काय, हें पाहावें. कच्च्या रस्त्यावर व मळणीच्या दिवसांत ही जाळी फार लवकर भरते. ओला, तेलकट काळेपणा असल्यास तेल जास्त पडत आहे किंवा ठिणगी दुर्बल आहे. टोंक पांढरें किंवा फोड आल्यासारखें दिसत असेल, तर इंजिन प्रमाणाबाहेर तापत आहे. हें लक्षण सर्वांत धोक्याचें असून त्याचा विचार पुढें केला आहे.

प्लगच्या दोन टोंकांमधील अंतर सुमारें ०.६ मिलिमीटर असावें. कित्येक वेळां त्या फटींत काजळीचा केसासारखा तंतु अडकतो व धांवती गाडी एकाएकीं बंद पडते. अशा वेळीं प्लग पुसतांच काम होतें. ठिणगी पाहण्यासाठीं प्लगला टोपण लावून त्याचें अंग इंजिनाच्या धातूवर टेकवावें व किक मारावी. निळी, कडकडीत ठिणगी चांगली; पिंवळट, तुटक ठिणगी वाईट. ही परीक्षा पेट्रोल सांडलेल्या जागीं किंवा प्लगच्या उघड्या भोंकाजवळ करूं नये, आग लागण्याचें भय असतें.

ठिणगी दुर्बल असल्यास जुन्या गाडींत मॅग्नेटोच्या चाकाच्या खिडकींतून पॉइंट पाहावे. ते काळे पडले असल्यास बारीक कानशीनें स्वच्छ करावे व पूर्ण उघडले असतां त्यांतील अंतर ०.३ ते ०.५ मिलिमीटर ठेवावें. पॉइंट वरचेवर जळत असतील व गाडी गरम झाल्यावर चालू होत नसेल, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. मागाहून निघालेल्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या गाड्यांस पॉइंट नसतात.

तिसरी पाहणी: दाब व हवेची गळती

प्लग घट्ट बसवून किक हातानें हळूहळू दाबावी. मध्येंच स्पष्ट अडथळा लागला पाहिजे. किक मऊपणें खालीं जात असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, किंवा सिलिंडरच्या माथ्याचे नट सैल आहेत.

याहून फसवा दोष म्हणजे बाहेरची हवा आंत शिरणें. मूठ बंद केली तरी इंजिन घोंघावत राहतें, वेग लवकर उतरत नाहीं, आणि स्क्रू कितीहि फिरविला तरी संथ चाल बसत नाहीं, अशीं लक्षणें दिसल्यास कार्ब्युरेटरखालचें पॅकिंग व मॅग्नेटोच्या बाजूचें ऑईल सील तपासावें. क्लचच्या बाजूचें सील फाटल्यास गिअरचें तेल आंत ओढलें जातें. मग दाट धूर निघतो, प्लग तेलकट होतो व गिअरचें तेल कमी कमी होत जातें. ह्या दोषांवर स्क्रूचा उपाय मुळींच चालत नाहीं.

चौथी पाहणी: धुराची वाट

गाडी सहज चालू होते, संथहि चालते, परंतु चढावर दम टाकते व लवकर तापते, असें असेल तर सायलेन्सर काजळीनें कोंदला असण्याचा संभव फार. तेलमिश्रित पेट्रोलामुळें सायलेन्सरांत व सिलिंडरच्या धुराच्या तोंडाशीं कार्बनाचा थर जमतो. तो काढतांना पिस्टन वर आणून तें तोंड आंतून झांकलें जाईल असें करावें, म्हणजे खरवड आंत पडत नाहीं. आणि खरवडण्यास लाकडाची पातळ पट्टी घ्यावी. पिस्टन ॲल्युमिनियमचा असल्यामुळें लोखंडी हत्यारानें त्यावर ओरखडे पडतात.

शेवटीं स्क्रू

वरील चारहि पाहण्या झाल्यावरच स्क्रूस हात लावावा. इंजिन चांगलें गरम करावें. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हातानें पूर्ण आंत न्यावा, आवळूं नये, आणि साधारण दीड फेरा बाहेर घ्यावा. मग वेगाचा स्क्रू किंचित् वाढवून मिश्रणाचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवीत इंजिन सर्वांत एकसारखें व चपळ कोठें चालतें तें ठिकाण शोधावें, व अखेरीस वेग कमी करावा. हें काम उघड्यावर करावें. बंद खोलींतील धूर प्राणघातक असतो.

हा स्क्रू फक्त संथ चालीचें मिश्रण ठरवितो. रस्त्यावरील जोर मुख्य जेट ठरवितो, त्यावर स्क्रूचा अंमल चालत नाहीं. एका वेळीं एकच फेरबदल करावा व तो वहींत टिपून ठेवावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानें आला हें कळत नाहीं, आणि बिघाड झाल्यास परत फिरण्याची वाटहि राहत नाहीं.

तेल, घाट व नवें पेट्रोल

तेलाचें प्रमाण शेंकडा २, म्हणजे १ लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर व ५ लिटरांस १०० मिलिलिटर. तें टू-स्ट्रोक इंजिनासाठीं बनविलेलेंच असावें. पंपाच्या इंजिनांतून काढलेलें जुनें तेल घालणें म्हणजे इंजिनाचा घात करणें होय. काटकसरीसाठीं तेल कमी करणें किंवा बारीक जेट बसविणें हींहि त्याच जातीचीं कृत्यें होत. मिश्रण विरळ झालें म्हणजे उष्णता वाढते, पिस्टन फुगून सिलिंडरांत अडकतो व मागचें चाक एकदम जखडून गाडी घसरते. पाठीमागें किटल्या किंवा मूल बसलेलें असतां काय अनर्थ होईल तो सांगावयास नको. इंजिन एकाएकीं ओढल्यासारखें वाटूं लागतांच क्लच दाबावा व गाडी कडेस घ्यावी. कुंभार्लीसारखा लांब घाट उतरतांना मूठ बंद ठेवली तर पेट्रोल येत नाहीं, अर्थात् तेलहि येत नाहीं, आणि इंजिन मात्र फिरत असतें. म्हणून मधून मधून मूठ थोडी उघडावी.

आतां नव्या पेट्रोलाविषयीं. आपल्या उसाचा रस व मळी, तसेंच मका व तांदूळ यांपासून काढलेलें इथेनॉल पेट्रोलांत मिसळलें जातें. सन २००१ मध्यें प्रायोगिक मिश्रण सुरू झालें, त्यांत आपल्या राज्यांतील मिरज व मनमाड हीं ठिकाणें होतीं. सन २०२२ मध्यें देशांत हें प्रमाण शेंकडा १० व सन २०२५ मध्यें शेंकडा २० झालें. ऊस पिकविणारास ही गोष्ट हिताची आहे, परंतु जुन्या स्कूटरच्या मालकानें तीन खबरदाऱ्या घ्याव्या. इथेनॉलमध्यें प्राणवायु असल्यामुळें जुन्या जेटवर मिश्रण विरळ होतें. प्लग पांढरा दिसूं लागल्यास जाणत्या कारागिराकडून मुख्य जेट एक माप मोठा बसवून घ्यावा. जुन्या रबरी नळ्या व वॉशर मऊ पडतात किंवा तडकतात, ते बदलावे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे इथेनॉल हवेंतील ओलावा शोषतें. पाणी फार झालें कीं तें इथेनॉलसह तळाशीं बसतें व तेल वरच्या पेट्रोलांतच राहतें. तोटींतून मग प्रथम बिनतेलाचा थर उतरतो. म्हणून पावसाळ्यांत गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी व पुढें ताजें पेट्रोल तेल मिसळून भरावें.

एक प्लग-पाना, एक स्क्रू-ड्रायव्हर, ०.६ मिलिमीटरचें मापक पान, एक जास्तीचा प्लग व एक वही एवढें साहित्य प्रत्येक मालकाच्या घरीं असावें. पेट्रोल, ठिणगी, दाब व धुराची वाट हा क्रम सोडला नाहीं तर पुष्कळसे दोष घरच्या अंगणांत ओळखतां येतात. उरलेल्या दोषांसाठीं कारागिराकडे जातांना वही बरोबर न्यावी. काय पाहिलें व काय बदललें हें त्यास सांगतां आलें म्हणजे नको त्या दुरुस्तीचा खर्च टळतो.