नगरसंग्रहालय आणि त्याचे खातेदार

पवनेच्या काठची रहाटणी आज ज्याला पाहावयाची असेल त्याला, सोसायट्यांची फाटके, दुतर्फा दुकाने आणि दिवसरात्र वाहणारी रहदारी ओलांडल्यावरच, एखाद्या देवळाच्या आश्रयाने टिकून राहिलेले जुने गावठाण सापडते. पिंपरी-चिंचवडमधील बहुतेक गावांची हीच कथा आहे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला. 1962 मध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ आले. 1970 साली चार गावांची मिळून नगरपालिका झाली आणि 1982 साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. येथले मूळचे शेतकरी, फाळणीनंतर पिंपरीत वसविण्यात आलेले सिंधी निर्वासित, मराठवाड्यातून, खानदेशातून आणि परप्रांतांतून पाळीच्या नोकरीसाठी आलेले कामगार, आणि अलीकडे संगणकाच्या व्यवसायानिमित्त स्थायिक झालेली कुटुंबे, अशा नाना लोकांनी घडविलेल्या या नगराने उद्या आपले संग्रहालय उभारावयाचे मनावर घेतले, तर त्यात काय ठेवावे आणि त्यासंबंधी काय सांगावे याचा निर्णय कोणी करावयाचा, हा प्रश्न इमारतीच्या नकाशाच्या आधी सोडवावा लागेल.

लोकांच्या पुढाकाराने संग्रहालय उभे राहणे ही आपल्याकडे अपूर्व गोष्ट नव्हे. मुंबईत 1857 च्या सुमारास कोटातील बराकीत मांडलेल्या संग्रहाची त्या वर्षीच्या उठावाच्या धामधुमीत वाताहत झाली, तेव्हा नागरिकांनी सभा भरवून समिती नेमली. नाना शंकरशेट तिचे अध्यक्ष झाले, डॉ. भाऊ दाजी लाड आणि जॉर्ज बर्डवुड हे चिटणीस झाले, वर्गण्या जमल्या, आणि 2 मे 1872 रोजी भायखळ्याच्या बागेत संग्रहालयाचे दरवाजे उघडले. 1975 पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. तथापि हा लोकाश्रय मुख्यतः शेठ-सावकारांचा आणि विद्वानांचा होता. मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींची माणसे तेथे आहेत, परंतु ती मातीच्या लहान पुतळ्यांच्या रूपाने कपाटात उभी आहेत; मसलतीच्या बैठकीत त्यांना स्थान नव्हते.

पुण्यात दिनकर गंगाधर केळकरांनी याहून निराळा मार्ग धरला. सुमारे 1920 पासून त्यांनी वाड्यांची माजघरे धुंडाळून दिवे, अडकित्ते, वज्री, फण्या, कुलपे अशा नित्याच्या वस्तू मिळविल्या, अकाली निवर्तलेल्या राजा या मुलाचे नाव त्या संग्रहास दिले, आणि पुढे वीस हजारांवर गेलेला तो ठेवा शासनाच्या स्वाधीन केला. ज्या घरांत त्या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेल्या, ती घरे नसती तर हा संग्रह संभवलाच नसता. मात्र निवड शेवटी एका रसिकाचीच राहिली.

निवडीचा हा अधिकारच वस्तीच्या हाती देण्याचे प्रयोग परदेशांत झाले. वॉशिंग्टनमधील अनाकोस्टिया या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत 1967 साली एका जुन्या चित्रपटगृहात संग्रहालय उघडले. त्या वस्तीला उंदरांनी हैराण केले होते. तेव्हा संग्रहालयाने 1969 साली उंदीर याच विषयावर, जिवंत उंदरांसह, प्रदर्शन भरविले. फ्रान्समधील ल क्रझो या पोलादाच्या गावी 1970 नंतरच्या दशकात असे तत्त्व मांडण्यात आले की, त्या टापूतील कोणाच्याही घरी असलेली वस्तू ही संग्रहालयाचीच मानावी, मात्र ती घरातून उचलून आणू नये. रहिवासी हाच तिचा राखणदार. 2022 साली प्राग येथे आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने संग्रहालयाच्या व्याख्येतच समाजाच्या सहभागाचा अंतर्भाव केला.

रहाटणीसारख्या ठिकाणी हे तत्त्व व्यवहारात कसे उतरेल? समजा, एका निवृत्त टर्नरने आपले व्हर्नियर आणून दिले. ‘मापनयंत्र, पोलादी’ एवढी चिठ्ठी लावून ते कपाटात ठेवले, तर ते बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही मापनयंत्रासारखेच राहील. परंतु ते पहिल्या पगारातून घेतले की उस्तादाने बक्षीस दिले, रात्रपाळीत जॉब बाद झाला तेव्हा सुपरवायझर काय बोलला, संपाच्या दिवसांत ते गहाण पडले काय, हे सारे त्याच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करून घेतले, तर त्या पोलादी पट्टीत एका पिढीचा इतिहास वाचता येईल. तीच गोष्ट सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्याची आणि भूसंपादनाच्या नोटिशीची. ज्या कारखान्याचा आणि नव्या वसाहतीचा कामगाराला अभिमान वाटतो, त्यांच्याखाली दुसऱ्या कोणाची तरी काळी गेली आहे; वसाहत उभारणाऱ्या प्राधिकरणाकडून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के परताव्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे हेलपाटे घातले त्यांची कैफियत आणि कामगाराची कृतार्थता या दोन्ही एकाच दालनात शेजारी शेजारी मांडल्या पाहिजेत, आणि त्यांत तडजोडीचा गुळगुळीत मजकूर घालण्याचा मोह टाळला पाहिजे.

लोकांच्या हाती कारभार दिला म्हणजे प्रत्येकाला आपल्याच आजोबांची तसबीर लावावयाची असते आणि नामफलकांची चढाओढ सुरू होते, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो निराधार नाही. त्यावर उपाय कामाची वाटणी हाच आहे. वस्तूचे जतन, कागदाच्या खरेपणाची पारख आणि कालनिर्णय ही तज्ज्ञांची कामे. काय गमावले, काय कमावले आणि काय विसरता कामा नये, हे सांगण्याचा हक्क रहिवाशांचा. वस्तू कायमची दान दिली की ठेव म्हणून, ती परत मागता येईल काय, देणाऱ्याचे नाव लावावे की गुप्त ठेवावे, याचा लेखी दस्त मराठीत व्हावा आणि त्याची नक्कल देणाऱ्याच्या हाती पडावी. सल्लागार मंडळात गावकी, कामगार, भाडेकरू, स्त्रिया आणि शाळकरी मुले यांना केवळ उद्घाटनाची निमंत्रणे नकोत. तेथे त्यांना मताचा अधिकार असावा.

संग्रहालय केव्हा होईल ते होवो. त्याची सामग्री मात्र आज आपल्या माळ्यांवर पडून आहे आणि दर दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढत आहे. वाचकांस एवढीच विनंती की, ती विकण्यापूर्वी वस्तू कोणाची, कोठून आली आणि कशाला वापरली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहावे आणि तो कागद तिलाच बांधून ठेवावा.